सोनोग्राफी ‘नॉर्मल’, आणि पोट मात्र दुखतंच आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकोणीस वर्षांच्या भाच्याला पोटदुखीमुळे नागपुरात ॲडमिट केलं. सकाळची सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली. रात्री पुन्हा केली तर अपेंडिक्सला सूज निघाली आणि पहाटे ऑपरेशन झालं. मग सकाळच्या डॉक्टरने नेमकं काय बघितलं? आणि सोनोग्राफीचा एवढाच भरवसा असेल, तर थेट सीटी स्कॅनच का करत नाहीत?

मी नागपुरातच रेडिओलॉजिस्ट आहे. बावीस वर्षं झाली, आणि त्यातल्या कितीतरी रात्री कॅज्युअल्टीला लागून असलेल्या सोनोग्राफीच्या खोलीत गेल्या आहेत. तुमच्या भाच्याचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत. त्यामुळे सकाळच्या डॉक्टरला मी दोषीही ठरवत नाही आणि सोडूनही देत नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढं नक्की सांगते की दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. हे ऐकून नातेवाईक चिडतात, ते मला ठाऊक आहे.

अपेंडिक्सचं दुखणं बहुतेकदा बेंबीभोवती सुरू होतं. तेव्हा रुग्ण सगळ्या पोटावरून हात फिरवून “इथे, इथे, सगळीकडेच” असं सांगतो. काही तासांनी तेच दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि मग तो एका बोटाने जागा दाखवतो. या दोन वेळांच्या मध्ये अपेंडिक्सची नळी फुगत असते. सकाळी सात वाजता जी नळी जेमतेम सुजली होती, ती रात्री नऊ वाजता नऊ मिलिमीटरची झालेली असू शकते. त्याच रुग्णाची चौदा तासांनी केलेली सोनोग्राफी ही नवी तपासणीच असते. जुन्या तपासणीतली चूक काढणं हा तिचा उद्देश नसतो.

तरीही सकाळचा रिपोर्ट एकदा काढून नीट वाचा. त्यात ‘अपेंडिक्स नॉर्मल आहे’ असं लिहिलंय की ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ असं? ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत, आणि घरी पोचेपर्यंत दोन्हींचं ‘सोनोग्राफी नॉर्मल’ होतं. पहिल्याचा अर्थ असा की डॉक्टरने नळी टोकापर्यंत पाहिली आणि ती बरी होती. दुसऱ्याचा अर्थ एवढाच की वायूमुळे, चरबीमुळे किंवा नळी मोठ्या आतड्याच्या मागे दडलेली असल्यामुळे ती सापडली नाही. दुसरं वाक्य लिहिलेला रिपोर्ट अपेंडिक्सबद्दल काहीच सांगत नाही. दुर्दैवाने अनेक रिपोर्टांत दोन्हींपैकी एकही वाक्य नसतं. लिव्हर, किडनी, पित्ताशय यांची मापं असतात आणि शेवटी ‘विशेष काही आढळले नाही’. असा रिपोर्ट हातात आला की मला आमच्याच लोकांचा राग येतो.

सोनोग्राफीची अडचण समजून घ्यायची तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: सोनोग्राफीचा आवाज हवेतून पुढे जात नाही. प्रोबमधून, म्हणजे पोटावर फिरवतो त्या यंत्राच्या तोंडातून, निघालेल्या ध्वनिलहरी पोटातल्या वायूवर आपटून परत येतात, आणि त्यामागचं सगळं पांढऱ्या धुरासारखं दिसतं. म्हणून आम्ही विचारतो, काही खाल्लंय का? उत्तर ठरलेलं: “नाही मॅडम, काहीच नाही, फक्त तर्री-पोहे अन् चहा.” पोह्यांनी पित्ताशय आकसून जातं आणि वर वायू. पित्ताशय नीट भरलेलं दिसायला साधारण सहा तासांचा उपास लागतो. पण हे ठरवून केलेल्या तपासणीसाठी. रुग्ण तडफडत असेल तर उपासाची वाट बघत बसायचं नसतं, जसा आला तसा टेबलावर घ्यायचा.

आता अपेंडिक्स सापडतं कसं, ते सांगते. कारण नातेवाईक खोलीत असले की नेमकं इथेच भांडतात: “दुखतंय तिथेच कशाला दाबून राहिले तुम्ही?” दाबणं हीच तपासणी आहे. १९८६ साली पुइलार्ट नावाच्या डच रेडिओलॉजिस्टने ही पद्धत मांडली, आणि तोवर सोनोग्राफीच्या आवाक्याबाहेरचं मानलेलं अपेंडिक्स आवाक्यात आलं. मी आधी रुग्णाला म्हणते, एका बोटाने दाखव. बोट टेकतं तिथे पोटाचा नेहमीचा बाकदार प्रोब बाजूला ठेवून सपाट तोंडाचा, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लावते. त्याचा आवाज खोल जात नाही, पण जवळचं बारीक दाखवतो. रुग्णाने श्वास सोडला की थोडं दाबायचं, तो श्वास घेतो तेव्हा तिथेच थांबायचं, पुन्हा सोडला की आणखी थोडं. झटक्याने दाबलं तर पोट कडक होतं आणि खेळ संपतो. हळूहळू आतड्यातला वायू बाजूला सरतो, आतडी चपटी होतात, आणि तळाशी सोआस या कण्याशेजारच्या स्नायूचा करडा पट्टा दिसतो. त्याच्या शेजारी रक्तवाहिनी ठकठक करत असते. या दोघांच्या आसपास एक नळी दिसते: एका टोकाला बंद, हलत नाही, कितीही दाबलं तरी चपटी होत नाही. बाहेरून बाहेर मोजायची, सहा मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर संशय पक्का होत जातो. भोवतीची चरबी सुजून पांढरी झालेली असते, आणि कधी नळीत एक चमकता ठिपका दिसतो, मागे काळी सावली टाकणारा. तो घट्ट झालेला मळाचा खडा. त्या क्षणी रुग्णाचा चेहराही बघावा लागतो. स्क्रीनवर नळी आणि कपाळावर आठ्या एकाच वेळी आल्या, की सर्जनला फोन लावायचा.

सडपातळ मुलांत हे सगळं पाच मिनिटांत होतं. शंभर किलोच्या माणसात अर्धा तास घाम गाळूनही नळी हाती लागत नाही. आणि एक फसवी अवस्थाही आहे: नळी फुटली की आतला दाब निघून जातो, ती पुन्हा बारीक दिसू लागते. अशा वेळी भोवतालचं पाणी आणि पांढरी चरबी यांच्यावरूनच ओळखावं लागतं.

उजवीकडे वर, बरगडीखाली दुखत असेल तर सोनोग्राफीइतकी चांगली पहिली तपासणी दुसरी नाही. पित्ताशयातले खडे ती सीटीपेक्षाही चांगले दाखवते, कारण बरेच खडे सीटीत मिसळून जातात. खडा चमकतो, मागे सावली टाकतो, कूस बदलली की घरंगळतो. मानेत अडकलेला खडा घरंगळत नाही, आणि तोच त्रास देतो. पित्ताशयाची भिंत तीन मिलिमीटरपेक्षा जाड, भोवती पाणी, आणि प्रोबने नेमकं पित्ताशयावर दाबलं की सगळ्यात जास्त कळ, ही मर्फीची खूण. (आमच्याकडे पोटातल्या प्रत्येक कोपऱ्याला कुणा ना कुणा गोऱ्या साहेबाचं नाव आहे. मर्फी अमेरिकेचा, मॉरिसन आणि डग्लस ब्रिटनचे. देशी नाव एकही नाही.)

पण इथेच एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीचा माणूस, रात्री सावजी मटण जेवून आलेला, छातीच्या खाली पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, उलटीसारखं होतंय. प्रोब ठेवला आणि पित्ताशयात तीन खडे. भिंत बारीक होती, दाबल्यावर तो कळवळला नव्हता. या दोन गोष्टी मी पाहिल्या, आणि तरी मनात खड्यांवरच शिक्का मारला. जेवण, वय, खडे, सगळं कसं जुळत होतं! रिपोर्ट लिहून मोकळी झाले. वॉर्डात नेताना इंटर्न मुलीला त्याचा शर्ट घामाने ओला लागला, आणि तिने कुणालाही न विचारता ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका होता. माणूस वाचला, तो तिच्यामुळे. विदर्भात पित्ताशयात खडे घेऊन आनंदाने फिरणारी माणसं काही कमी नाहीत. खडा सापडणं वेगळं आणि दुखणं त्या खड्याचं असणं वेगळं. त्या दिवसापासून वरच्या पोटात दुखणारा चाळिशीपुढचा कुणीही आला की मी जेल लावण्याआधी विचारते, ईसीजी झाला का?

आपल्या भागाच्या दोन गोष्टी मुद्दाम सांगते, कारण बाहेरची पाठ्यपुस्तकं वाचून आलेले नवे डॉक्टर इथे चकतात.

पहिली म्हणजे पावसाळ्यानंतरचा डेंग्यू. ताप, पोटदुखी आणि सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत आठ-दहा मिलिमीटर सुजलेली. कुणालाही वाटेल की पित्ताशय सडायला आलंय, काढून टाका. पण नीट पाहिलं तर आत खडा नसतो, भिंतीला थरावर थर दिसतात, पोटात आणि उजव्या फुप्फुसाखाली थोडं पाणी असतं. रक्तवाहिन्यांतून गळणाऱ्या पाण्याने भिंत फुगलेली असते. प्लेटलेट पडलेल्या अशा माणसाच्या पोटात चाकू घालणं म्हणजे संकट ओढवून घेणं. आपण ताप उतरायची आणि सूज ओसरायची वाट बघतो, आणि सूज ओसरते.

दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, शेजारचं छिंदवाडा आणि बालाघाट, सगळीकडचे रुग्ण नागपुरात येतात. मेडिकलला आणि मेयोला, या इथल्या दोन सरकारी हॉस्पिटलांत, काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. नातेवाईक स्वतःच म्हणतात, “याचा एसएस पॅटर्न आहे,” म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलचं जनुक आलंय. सिकलच्या क्रायसिसमध्ये, म्हणजे वाकड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकून येणाऱ्या वेदनेच्या झटक्यात, पोट असं दुखतं की सर्जनही फसतो. आणि उलटही होतं: दर वेळी क्रायसिसच असेल असं धरून चालतात, आणि या वेळी खरोखरच पित्ताशय सुजलेलं असतं. कारण या रुग्णांच्या लाल पेशी सतत फुटत राहतात, त्यातून रंगद्रव्याचे खडे बनतात, तेही लहान वयात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या पित्ताशयात खडे दिसले की मी रिपोर्टच्या खाली सिकलची तपासणी करा असं लिहितेच. अशा रुग्णांत मी दुसरी नजर प्लीहेवर टाकते. लहान मुलात ती अचानक मोठी झाली आणि हिमोग्लोबिन पडलं, तर रक्त प्लीहेत अडकून बसलंय असं समजायचं आणि तासभरही घालवायचा नाही. मोठ्यांत प्लीहेच्या कडेला काळसर पाचरीसारखा डाग दिसला तर तिथला रक्तपुरवठा तुटला आहे. डावीकडच्या दुखण्याचं उत्तर तिथेच मिळतं. पाश्चात्त्य पुस्तकं म्हणतात की सिकलच्या प्रौढ रुग्णात प्लीहा आकसून नाहीशी होते. आपल्याकडे ती बऱ्याचदा मोठीच राहिलेली दिसते.

बायकांच्या पोटदुखीबद्दल माझा एक कडक नियम आहे. पाळी येणाऱ्या वयातली कुणीही असो, आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. “मॅडम, तिचं लग्न नाही झालं अजून” हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. मी वाद घालत नाही. आईला बाहेर बसवते, मुलीशी एकटीशी बोलते, आणि टेस्ट सगळ्यांचीच होते असं सांगते. ते खरंही आहे. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला तर दोन तासांत आपण रुग्ण गमावू शकतो. टेस्ट पॉझिटिव्ह, गर्भाशय रिकामं आणि पोटात पाणी, एवढं दिसलं तर नळीतला गर्भ शोधत बसायचं नाही. लिव्हर आणि उजव्या किडनीच्या मधल्या फटीत, म्हणजे मॉरिसनच्या कप्प्यात काळी पट्टी दिसली की रक्त बरंच साचलं आहे. तिथून थेट ऑपरेशन थिएटर. बीजांडकोषाला पीळ बसला असेल तर तो एका बाजूचा सुजून मोठा होतो, आतले फॉलिकल, म्हणजे बीजांडाच्या बारीक पिशव्या, कडेला ढकलले जातात. डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही, असं मात्र कधीच म्हणू नये. प्रवाह असतानाही पीळ असतो.

मुतखड्याचं फार लिहीत नाही. नागपूरचा मे महिना, पंचेचाळीसच्या वरचं ऊन आणि दिवसभर पाण्याचा पत्ता नाही, मग रात्री पाठीतून जांघेत जाणारी कळ. किडनी फुगलेली दिसते. मूत्रनलिकेच्या मधल्या भागातला खडा वायूमागे लपतो, शेवटच्या टोकाचा खडा भरलेल्या मूत्राशयातून छान दिसतो. म्हणूनच “पाणी प्या, लघवी रोखा” म्हणतात. फक्त साठीपुढच्या माणसाला ‘मुतखडा’ म्हणण्याआधी महारोहिणीवर, म्हणजे पोटातल्या मुख्य धमनीवर, प्रोब फिरवावा. ती तीन सेंटिमीटरहून रुंद असेल तर गोष्ट वेगळीच, म्हणजे फुगलेल्या धमनीची असू शकते.

लहान बाळ, सहा महिने ते दोन वर्षांचं, राहून राहून पाय पोटाशी घेऊन किंचाळतंय आणि मधल्या वेळात मलूल पडतंय, तर आतड्यात आतडं शिरलंय का ते बघायचं. स्क्रीनवर कांदा आडवा कापल्यासारखी एकात एक कडी दिसतात. हे सोनोग्राफीचं हुकमी काम. बऱ्याच बाळांत सोनोग्राफीखालीच गुदद्वारातून सलाइन सोडून आतडं परत जागेवर ढकलता येतं, चिरफाड टळते.

आणि जिथे मी स्वतःच सोनोग्राफी नको म्हणते तेही सांगते. पोट लाकडासारखं कडक, जठराचं किंवा आतड्याचं छिद्र असावं असा संशय, तर आधी उभ्याने छातीचा एक्स-रे. डायफ्रामखाली हवेची कोर दिसली की निर्णय झाला. म्हातारा माणूस, नाडी अनियमित, पोट तपासताना मऊ लागतं पण तो मात्र वेदनेने लोळतोय, अशा वेळी आतड्याचा रक्तपुरवठा बंद झाल्याचा धोका असतो. तिथे सोनोग्राफीत वेळ घालवणं म्हणजे आतडं गमावणं. सरळ सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी. स्वादुपिंडाच्या सुजेत तर स्वादुपिंड वायूमागे अर्धंच दिसतं. तिथे आम्ही पित्ताशयात खडे आहेत का एवढं बघतो, निदान रक्तातल्या लायपेजवर, म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचकरसावर होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, थेट सीटी का नाही? सीटी जास्त पकडते, यात वाद नाही. नेदरलँड्समध्ये १०२१ प्रौढ पोटदुखी रुग्णांचा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. तातडीच्या आजारांपैकी सोनोग्राफीने सुमारे ७० टक्के पकडले, सीटीने ८९ टक्के. पण आधी सोनोग्राफी, आणि तिच्यातून उत्तर मिळालं नाही तरच सीटी, असा क्रम ठेवला तर आकडा ९४ टक्क्यांवर गेला, आणि सीटी लागली ती साधारण निम्म्याच रुग्णांना. तुमच्या भाच्याच्या वयात हे महत्त्वाचं आहे. पोटाच्या एका सीटीत आपण निसर्गातून तीन-चार वर्षांत घेतो तितका किरणोत्सार एकदम अंगात जातो. शिवाय शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध, त्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी, आणि बिल. गरोदर बाईत तर सीटीच्या आधी एमआरआयचा विचार होतो. मात्र दुसरी सोनोग्राफीही अडली असती आणि सर्जनचा संशय कायम असता, तर सीटीला नाही म्हणण्यात शहाणपण नसतं. किरणोत्सार वाचवण्याच्या नादात अपेंडिक्स फुटलं तर ते जास्त महाग पडतं.

मशीन वॉर्डातच का आणत नाहीत, असाही राग अनेकांचा असतो. मोठ्या हॉस्पिटलांत आणतातही. पण गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या कायद्याखाली प्रत्येक मशीन, जागा आणि चालवणारा डॉक्टर यांची नोंद लागते, पोर्टेबल मशीन मनाला येईल तिथे फिरवता येत नाही. यात महाराष्ट्र देशाच्याही आधी होता: आपला कायदा १९८८ चा, केंद्राचा १९९४ चा. गरोदर बाईची तपासणी पोटदुखीसाठी असली तरी फॉर्म एफ, म्हणजे त्या कायद्यातला नोंदीचा अर्ज, भरावाच लागतो. सही मागितली म्हणून सिस्टरवर ओरडू नका.

उरलं दुखणं थांबवायचं. “इंजेक्शन देऊ नका, निदान लपेल” ही समजूत आमच्या शिक्षकांनीच आम्हाला दिली होती, आणि ती आता टिकलेली नाही. वेदनाशामक दिल्याने निदान चुकत नाही. उलट कण्हत नसलेला रुग्ण प्रोब नीट दाबू देतो. फक्त इंजेक्शन किती वाजता दिलं ते मला सांगा, म्हणजे मर्फीची खूण मिळाली नाही तर मी तिला किती किंमत द्यायची ते ठरवते. दुखणं कधी सुरू झालं, कुठून कुठे सरकलं, शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं, हेही एका कागदावर लिहून आणलंत तर माझी दहा मिनिटं वाचतात.

आणि लघवी भरण्यासाठी रुग्णाला दोन बाटल्या पाणी पाजण्याआधी वॉर्डच्या सिस्टरला विचारा. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं असतं. मूत्राशय सलाइननेही भरतं, जरा उशिरा.